कोळशाच्या खाणीचा कार्बन हिशेब: रेघ नेमकी कुठे ओढायची?

खदानवासी

भाचीला पदवीच्या प्रकल्पासाठी एक आकडा हवा होता. "मामा, एक टन कोळसा जमिनीतून वर काढताना किती कार्बन हवेत जातो?" एवढाच तिचा प्रश्न. वर्धा खोऱ्यातल्या खाणींत माझी २६ वर्षे गेली आहेत आणि त्यांतली ११ भूमिगत खाणीत वायुवीजनाच्या कामावर. त्यामुळे दहा मिनिटांत उत्तर देता येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात कागदावर चार निरनिराळी उत्तरे आली आणि चारही आपापल्या जागी बरोबर होती, कारण प्रत्येक वेळी हिशेबाची रेघ मी वेगळ्या ठिकाणी ओढत होतो. तो हिशेब येथे मांडतो. चुकत असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

आज आपल्या देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून निघतो, म्हणून सुरुवात तेथून करतो. खुल्या खाणीत कोळशापेक्षा माती जास्त खणावी लागते. थरावरची काळी माती, मुरूम, वाळूचा खडक, या सगळ्याला आम्ही 'ओबी' म्हणतो. समजा, एक टन कोळशासाठी चार घनमीटर ओबी हलवावी लागली आणि ओबी व कोळसा मिळून टनामागे चार लिटर डिझेल लागले. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे हे झाले ११ किलो. शॉवेल (खोदून भरणारे मोठे यंत्र), पंप आणि कोळसा वाहणारे पट्टे यांना टनामागे आठ युनिट वीज धरली, तर देशाच्या ग्रिडच्या सरासरीने, म्हणजे युनिटमागे सुमारे ०.७ किलोने, आणखी पाच-सहा किलो होतात. डिझेल आणि वीज मिळून १७ किलो. बहुतेक कार्यालयीन सादरीकरणांतला हिशेब येथेच थांबतो, आणि नंतर त्यावर एलईडी दिवे व सौर पॅनेल यांची चित्रे येतात.

दुसरी रेघ मिथेनची. कोळशाच्या थरात मिथेन अडकून बसलेला असतो आणि थर मोकळा झाला की तो सुटतो. भारताच्या राष्ट्रीय हिशेबात खुल्या खाणीसाठी टनामागे १.१८ घनमीटर आणि काढून झाल्यावर हाताळणीत सुटणारा ०.१५ घनमीटर असे सरासरी आकडे वापरतात. वजनात हा वायू जेमतेम ०.९ किलो भरतो. पण शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ ३० पट तापवतो, म्हणून त्याची किंमत सुमारे २७ किलो धरावी लागते. मुदत २० वर्षांची घेतली तर हीच पट ८० च्या वर जाते आणि २७ चे ७३ किलो होतात. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा, वास नसलेला वायू हिशेबात मोठा निघाला.

तिसरी रेघ भूमिगत खाणीची. खाण सुरक्षा महासंचालनालय भूमिगत थरांची वायूच्या प्रमाणानुसार तीन श्रेणींत विभागणी करते. पहिल्या श्रेणीसाठी राष्ट्रीय सरासरी खनन करताना २.९१ आणि नंतर ०.९८ घनमीटर, तर तिसऱ्या श्रेणीसाठी २३.६४ आणि ३.१२. कार्बन डायऑक्साइडच्या मापात बोलायचे तर पहिल्या श्रेणीत टनामागे सुमारे ७८ किलो आणि तिसऱ्या श्रेणीत ५३५ किलो. एकाच देशात, एकाच नावाच्या खनिजात, एवढे अंतर.

आणि चौथी रेघ चुलीपाशी. किलोमागे चार हजार किलोकॅलरी उष्णता देणारा एक टन कोळसा बॉयलरमध्ये जळाला की साधारण १,६०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खुल्या खाणीचे डिझेल, वीज आणि मिथेन मिळून ४४ किलो होतात, त्याच्या ३६ पट.

आता मला पडलेला प्रश्न. दरवर्षी दहा लाख टन कोळसा काढणाऱ्या खाणीने "आमच्या वृक्षलागवडीमुळे आम्ही कार्बनची भरपाई करतो" असे म्हटले, तर कोणत्या रेघेपर्यंतची भरपाई? वाढत्या वयाची लागवड हेक्टरी वर्षाला आठ टन कार्बन डायऑक्साइड शोषते असे उदार मनाने धरले, तरी खाणीच्या फाटकाच्या आतल्या ४४ हजार टनांसाठी साडेपाच हजार हेक्टर लागतात. जळणाऱ्या कोळशासह मोजायचे तर दोन लाख हेक्टर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे एका मध्यम खाणीसाठी अख्ख्या ताडोबापेक्षा मोठे, सतत वाढणारे नवे जंगल हवे.

हॉलरोड

काका, मांडणी आवडली. मात्र टनामागे चार लिटर हा आकडा कायम ठेवू नये, असे डंपरच्या देखभालीत अठरा वर्षे घालवलेल्या माणसाचे म्हणणे आहे. खाण नवी असते तेव्हा फेसपासून (जेथे खोदाई चालते) डम्पपर्यंतचे (जेथे ओबी टाकतात) अंतर एखादा किलोमीटर असते. खाण खोल जाते तसे हेच अंतर दुप्पट-तिप्पट होते, आणि भरलेला डंपर चढावर चढत असल्यामुळे डिझेल अंतरापेक्षाही वेगाने वाढते. शिवाय कोळसा थराच्या उताराच्या दिशेने खाली जातो, म्हणून दर टनामागे ओबीही वाढत जाते. तेच यंत्र, तोच चालक आणि तेवढाच कोळसा असूनही दहाव्या वर्षीचा टन पहिल्या वर्षीच्या टनापेक्षा जास्त कार्बन घेऊन वर येतो.

दुसरी गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही. मे महिन्यात चंद्रपूरला ४७ अंशांपर्यंत पारा चढतो आणि खाणीच्या तळाशी वारा नसतो. शॉवेलखाली रांगेत उभ्या असलेल्या डंपरचे इंजिन चालक बंद करत नाही, कारण केबिनचा एसी त्यावरच चालतो. त्याला दोष देता येणार नाही. मीही बंद केले नसते. हॉलरोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, पाणी मारणारे टँकरही उन्हाळ्यात जास्त फेऱ्या करतात. उष्णता वाढली की डिझेल वाढते, हे आमच्या लॉगबुकात दर वर्षी दिसते.

उपाय म्हणाल, तर खाणीतूनच पट्ट्याने कोळसा सायलोपर्यंत (साठवणीच्या उंच टाकीपर्यंत) आणि तेथून थेट रेल्वे वाघिणीत, हा मार्ग खरा आहे. त्यामुळे टिपरच्या फेऱ्या वाचतात आणि गावातली धूळही कमी होते. पण ओबीला पट्टा लावणे आपल्याकडच्या मिश्र खडकात महाग पडते, आणि डिझेलचा मोठा वाटा तर ओबीतच आहे.

हिशेबनीस

मी पुण्यात लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे, खाणीचा अनुभव नाही. खदानवासी यांनी ज्यांना रेघा म्हटले आहे, त्यांना आमच्याकडे स्कोप म्हणतात. स्वतःच्या आवारात जाळलेले इंधन आणि तेथून सुटलेला वायू हा स्कोप १, विकत घेतलेली वीज हा स्कोप २ आणि पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतचे बाकी सगळे स्कोप ३. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. त्यात पहिले दोन स्कोप देणे अनिवार्य आहे, तर तिसरा 'नेतृत्व निर्देशक' या ऐच्छिक भागात ठेवलेला आहे. कोळसा कंपनीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की १,६४४ पैकी ४४ किलो सांगणे सक्तीचे आणि १,६०० किलो सांगणे मर्जीचे.

तरीही एक बाजू मांडली पाहिजे. खाणीचा स्कोप ३ म्हणजेच वीजकेंद्राचा स्कोप १. दोन्ही बेरजेत घेतले, तर देशाच्या हिशेबात तोच धूर दोनदा मोजला जाईल. देशाचा ताळेबंद आणि कंपनीचा ताळेबंद यांचे प्रयोजन वेगळे आहे, हे विसरून वाद घातला तर तो संपत नाही.

खदानवासी

हिशेबनीस, दोनदा मोजण्याचा मुद्दा मान्य आहे आणि देशाच्या बेरजेत तो टाळलाच पाहिजे. माझा आक्षेप वेगळा आहे. वीजकेंद्र म्हणते की कोळसा जसा आला तसा आम्ही जाळतो, खाण म्हणते की मागणी आहे म्हणून आम्ही काढतो. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राला लागूनच दुर्गापूरची खुली खाण आहे. दोघांमध्ये एक भिंत आहे, आणि तिच्या अलीकडचा कार्बन वेगळा व पलीकडचा वेगळा असे मानणे लेखाशास्त्रात सोयीचे असेल, पण त्या परिसरात राहणाऱ्याला ते पटवून देणे मला तरी जमणार नाही.

भूस्तर

भूविज्ञान हा माझा विषय असल्यामुळे मिथेनच्या आकड्यापाशी थोडे थांबतो. मूळ लेखातील खरी अडचण तेथे आहे, आणि चर्चा मात्र डिझेलकडे वळते, कारण डिझेलचे बिल येते आणि मिथेनचे येत नाही.

१.१८ घनमीटर हा देशभराचा सरासरी आकडा आहे. कोळशात किती वायू असेल, हे मुख्यतः त्याची प्रत आणि खोली यांवर ठरते. थर जितका खोल पुरला गेला आणि तापला, तितका त्यात वायू अधिक तयार झाला व वरच्या खडकाच्या दाबाने अडकून राहिला. झारखंडमधील झरियाचा, पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा जुन्या काळापासून वायूसाठी कुप्रसिद्ध आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा त्या मानाने कमी प्रतीचा, ओलसर आणि उथळ आहे. त्यातला बराचसा वायू केव्हाच निघून गेला असणार. तेव्हा आपल्या खुल्या खाणींचा खरा आकडा सरासरीपेक्षा कमी असण्याचा संभव मोठा आहे, आणि मूळ लेखातील २७ किलो आपल्या भागासाठी बहुधा जास्त आहेत. दुसऱ्या एखाद्या कोळसाक्षेत्रासाठी ते तितकेच कमी पडतील. सरासरी आकडा वापरला की कमी वायूची खाण विनाकारण दोषी ठरते आणि जास्त वायूची खाण त्याच आकड्याच्या आडोशाला उभी राहते.

यावर उपाय अवघड नाही. खाणीपूर्वी कोळशाच्या साठ्याचा अंदाज घेण्यासाठी बोअरहोल घेतलेच जातात. त्यातून निघालेला गाभा, म्हणजे थराचा दंडगोल नमुना, ताबडतोब हवाबंद डबीत ठेवून त्यातून किती वायू सुटतो हे मोजता येते. थर-मिथेनच्या शोधासाठी ही चाचणी आपल्याकडे नियमित होते, म्हणजे यंत्रे आणि माणसे दोन्ही आहेत.

मिथेन काढून वापरणेही आपल्याला नवे नाही. झरियातल्या मुनिडीह खाणीत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने प्रात्यक्षिक प्रकल्प झाला आणि तेथील वायूवर जनित्र चालवून वीज तयार केली गेली. पण भूमिगत खाणीतल्या मिथेनचा मोठा भाग वायुवीजनाच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत एक टक्क्याहूनही विरळ असतो. तो जाळायला वेगळे तंत्र लागते. खदानवासी यांनी त्या पंख्याजवळ अकरा वर्षे काढली आहेत, तेव्हा त्यांनी याबद्दल लिहावे.

खदानवासी

लिहितो. आमच्या खाणीत मिथेन हा जिवाचा प्रश्न होता, हवामानाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान तो हवेत मिसळला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून आमची सगळी कसरत त्याला पातळ करून लवकरात लवकर बाहेर हाकलण्याची होती. पाळीच्या सुरुवातीला फेसवर छताजवळ मीटर धरायचे, गोफच्या, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीच्या, तोंडाशी धरायचे, वहीत शून्य दशांश काय ते लिहायचे. शून्याच्या जवळ आकडा आला की सुखाने श्वास घ्यायचा. तो वायू पंख्यातून वर गेल्यावर पुढे काय करतो, असे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. आज मागे वळून पाहताना लक्षात येते, की त्या वह्यांमध्ये पंख्यातून जाणाऱ्या हवेचे घनफळ आणि तिच्यातील मिथेनचे प्रमाण दोन्ही होते. गुणाकार केला असता तर खाणीचे उत्सर्जन मिळाले असते. माहिती सुरक्षेच्या कपाटात होती, पर्यावरणाचे कपाट दुसऱ्या मजल्यावर होते.

ब्रिस्बेनकर

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात राहतो. कामानिमित्त बोवेन खोऱ्यातील खाणींशी संबंध येतो. भूस्तर यांच्या सरासरीविषयीच्या म्हणण्याला येथील एक उदाहरण जोडतो.

सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरील ट्रोपोमी उपकरणाची २०१८ आणि २०१९ ची निरीक्षणे घेऊन नेदरलँड्सच्या संशोधकांनी येथील सहा खाणींचा मिथेन मोजला. या सहा खाणी देशाच्या कोळशापैकी फक्त ७ टक्के कोळसा काढत होत्या, पण त्यांचे उत्सर्जन देशाने कोळसा खाणींसाठी जाहीर केलेल्या एकूण मिथेनच्या सुमारे ५५ टक्के भरले. त्याहून धक्कादायक भाग असा, की मोजलेल्या मिथेनपैकी ४० टक्के हेल क्रीक या एकाच खुल्या खाणीच्या ठिकाणाहून येत होता. खुली खाण म्हणजे कमी वायू, असे तोपर्यंत सगळेच गृहीत धरून चालले होते.

येथे १ जुलै २०२३ पासून वर्षाला एक लाख टनांहून अधिक थेट उत्सर्जन असलेल्या आस्थापनांची मर्यादा दरवर्षी ४.९ टक्क्यांनी कमी होते. परंतु मोजमापच सरासरीवर आधारलेले असेल तर मर्यादा कागदावर कमी होते, हवेत नाही. म्हणून आता मोठ्या खुल्या खाणींसाठी राज्यभराचा एकच आकडा वापरण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली जात आहे. खाणमालकांनी विरोध केला, आणि तो सगळाच खोटा नव्हता. ज्या खाणींत खरोखर वायू कमी आहे, त्या मात्र गप्प बसल्या होत्या, हे मला बोलके वाटले.

भूस्तर

माहिती महत्त्वाची आहे, धन्यवाद. उपग्रह हा आपल्याकडेही उपाय आहे असे मात्र चटकन म्हणता येणार नाही. पावसाळ्याचे चार महिने ढग असतात. शिवाय भाताची खाचरे, गुरे, दलदल आणि शहरांचे कचरा डेपो यांचा मिथेन त्याच चित्रात मिसळतो. बोवेन खोऱ्यात खाणींच्या आसपास मैलोन्‌मैल दुसरे काही नाही; आपल्याकडे खाणीच्या कुंपणाला लागून वस्ती आहे. जमिनीवरची मोजणी टाळता येणार नाही.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहीत आहे. आमच्याकडील लोहखनिजाच्या खाणींत थरात मिथेन नसतो, त्यामुळे फाटकाच्या आतला हिशेब जवळजवळ डिझेलचाच. खनिज बार्जमधून मांडवी आणि जुवारीने मुरगावला जायचे, तेव्हा ट्रकच्या मानाने वाहतुकीचा कार्बनही कमी. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्या सगळ्या वादात पाणी, शेती, रोजगार आणि लूट यांवर बोलले गेले, कार्बनवर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. पण चौथी रेघ आम्हालाही चुकत नाही. एक टन पोलाद तयार होताना जगाच्या सरासरीने सुमारे १.९ टन आणि भारतात सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. आमचे खनिज मुख्यतः चीनला जात असे, म्हणून तो धूर आमच्या आकाशात दिसला नाही, इतकेच.

बांधावरून

मी वणी तालुक्यातली शेतकरी आहे. किलो आणि घनमीटर यांचा हिशेब वाचून समजला, पण दोन गोष्टी या हिशेबात दिसल्या नाहीत.

आमच्या शेतापासून दीड किलोमीटरवर एका खाणीचा कोळशाचा साठा आहे. उन्हाळ्यात तो आतून पेटतो. ज्वाळा दिसत नाहीत. कडेने निळसर धूर निघत राहतो आणि पहाटे गंधकासारखा वास येतो. काही दिवस पाणी मारतात, मग सोडून देतात. हा कोळसा कोणत्याही वीजकेंद्रात गेला नाही, म्हणजे त्याचा धूर चौथ्या रेघेत नाही. खाणीने तो इंधन म्हणून जाळला नाही, म्हणजे पहिल्या रेघेतही नाही. मग तो कोणाच्या वहीत आहे?

दुसरी गोष्ट ओबीच्या ढिगाऱ्यांवरच्या झाडांची. झाडे लावतात हे खरे आहे. पण खाणीखाली गेलेल्या जागेत आधी मोह, तेंदू, साग होते, आणि काळी माती होती. त्या झाडांत व मातीत साठलेला कार्बन खाणीच्या पहिल्याच वर्षी गेला. लावलेल्या रोपांची संख्या फलकावर असते, तोडलेल्यांची मी कधी फलकावर पाहिली नाही.

जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीचा पूर आमच्या कपाशीवर कितीतरी दिवस उभा होता. त्याच आठवड्यात खाणीच्या तळात पाणी भरून कोळसा बंद होता, असे शेजारचा मुलगा सांगत होता. तो तेथे कंत्राटी कामगार आहे. त्याची रोजी बुडाली आणि माझे पीक.

खदानवासी

ताई, पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की तो बहुतेक कोणाच्याच वहीत नाही. आपल्या भागातला कोळसा हवेतला प्राणवायू शोषून आपोआप तापणाऱ्या जातीचा आहे. ढीग उंच रचला, दाबून बसवला नाही आणि महिनोन्‌महिने पडून राहिला, की आतली उष्णता बाहेर निघायला वाट मिळत नाही आणि तो पेटतो. काढलेला कोळसा, पाठवलेला कोळसा आणि शिल्लक यांत जी तूट येते, तिला साठ्यातील घट म्हणून खर्ची टाकतात. त्या घटीत ओलावा, मोजणीतील चूक आणि जळून गेलेला कोळसा हे सगळे एकत्र असते. यातला जळालेला भाग वेगळा काढून दाखवा, असे म्हणता येईल. झरियात तर १९१६ पासून जमिनीखाली आगी आहेत. तेथे किती कार्बन गेला याचा नेमका आकडा मांडणे कोणालाही कठीण आहे.

जंगल आणि मातीचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला, ही चूक कबूल करतो. भाचीच्या कागदावर पाचवी रेघ वाढवतो.

हिशेबनीस

एक भर घालतो. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. एक टन कोळशामागे दीड टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड धरला तर ही कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे सुमारे २५० रुपयांची कार्बन किंमतच होती, फक्त तसे नाव नव्हते. २०१७ नंतर ते पैसे वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर काढून कोळशावरील कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. टक्क्यांचा कर किमतीवर लागतो, म्हणजे चांगल्या प्रतीच्या महाग कोळशावर जास्त आणि राखाळ स्वस्त कोळशावर कमी. कार्बनच्या दृष्टीने हे उलटे आहे. आणि मिथेनवर तर कोणत्याही काळात एक रुपयाही लागलेला नाही.

बांधावरून

आमच्या जवळच्या खाणीच्या विस्तारासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी लवकरच होईल असे ग्रामपंचायतीत ऐकले. मागच्या एका सुनावणीला मी गेले होते. सगळे नोकरी, मोबदला आणि धूळ यांवर बोलले, आणि ते बोललेच पाहिजे. कार्बनवर काय विचारावे हे तेव्हा सुचले नाही. येथील जाणकारांनी तीन-चार प्रश्न करून दिले तर लेखी देईन.

भूस्तर

सूचना निघाल्यापासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस मिळतात आणि अहवालाचा सारांश मराठीत देणे बंधनकारक आहे. तो आधी मागून घ्यावा. माझ्याकडून दोन प्रश्न. विस्ताराच्या क्षेत्रातील बोअरहोलच्या गाभ्यावर वायूची चाचणी झाली आहे का, आणि झाली असल्यास टनामागे किती घनमीटर? उत्सर्जनाच्या हिशेबात हा मोजलेला आकडा वापरला आहे की राष्ट्रीय सरासरी?

हॉलरोड

माझा एक. खाणीच्या पहिल्या, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी टनामागे किती डिझेल लागेल, हे वेगवेगळे दाखवा. एकच सरासरी दिली तर पुन्हा विचारा.

खदानवासी

आणि साठ्यातील घटीपैकी जळालेला कोळसा किती, हा चौथा. ताई, प्रश्न लेखी देताना दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. 'घनमीटर' लिहाल तेथे 'प्रति टन' लिहायला विसरू नका. नाहीतर उत्तरात पूर्ण वर्षाचा एक लांबलचक आकडा देतील आणि भागाकार आपल्यालाच करत बसावा लागेल.